नव्या घराच्या कोऱ्या भिंतींना लाकडी पट्ट्या आणि पॅनेलिंग: मराठवाड्यातील हवामानात काय टिकेल आणि काय शोभेल?

माळवद (लातूर) यांचा प्रश्न

नमस्कार. लातूरमध्ये आम्ही नुकत्याच बांधलेल्या घराच्या खोल्या राहण्यास सोयीच्या आहेत, परंतु दिसण्यास अगदीच कोऱ्या आहेत. आमचे मूळ घर औसा तालुक्यातील. तेथे ढाळज होती, देवळ्या होत्या, खुंट्या होत्या आणि डोक्यावर सागवानी कडीपाट (तुळया व फळ्यांचे छत) होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागातील लोकांच्या मनात दगडमातीच्या जाड भिंतींची जी धास्ती बसली ती रास्तच होती. त्यामुळे नवे घर बांधताना आर. सी. सी. सांगाड्यापलीकडे घरात कोणी विचारच केला नाही, आणि भिंतीला जे जे काही खोल किंवा उठावदार होते ते सगळे एकदमच नाहीसे झाले. आता चारी बाजूंना पांढऱ्या रंगाची सपाट भिंत आणि तळाला चार इंचांची टाइलची स्कर्टिंग, एवढेच उरले आहे.

दिवाणखान्याची मुख्य भिंत १२ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. आमच्या ठेकेदाराने ती पूर्ण भिंत जमिनीपासून छतापर्यंत उभ्या पन्हाळीच्या लुव्हर पॅनेलने झाकावी आणि मागे एल. ई. डी. पट्टी लावावी, असे सुचवले आहे. नमुना पाहिला, पण त्यात मोबाइलच्या दुकानात उभे राहिल्यासारखे वाटले. मला त्याऐवजी भिंतीच्या खालच्या भागात पट्ट्यांच्या चौकटी, वर एक आडवी पट्टी आणि बाकी भिंत मोकळी, असे काही करावेसे वाटते. शयनगृहात पलंगामागच्या भिंतीलाही असेच काही हवे आहे. मात्र त्या खोलीच्या एका भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे आणि तिच्या तळाशी रंगाचे पोपडे निघून पांढरी भुकटी दिसू लागली आहे. त्याच खोलीच्या खिडकीत उन्हाळ्यात कूलर असतो.

जुने घर उतरवताना कडीपाटाच्या बऱ्याच फळ्या आणि दोन तुळया आम्ही जपून ठेवल्या. सासूबाईंची इच्छा आहे की ते लाकूड या घरात कोठेतरी दिसावे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ओळंबा (परभणी)

ताई, पट्ट्यांचा विचार करण्याआधी भिंतीचा विचार करू. माझे आयुष्य बांधकाम खात्यात गेले असल्यामुळे मला आधी दोष दिसतात, शोभा नंतर, याबद्दल क्षमस्व.

शयनगृहाच्या भिंतीच्या तळाशी जी पांढरी भुकटी दिसते ते क्षार आहेत. भिंतीत शिरलेले पाणी क्षार विरघळवून पृष्ठभागापर्यंत आणते, तेथे पाणी उडून जाते आणि मागे राहिलेल्या क्षारांचे खडे फुगून रंगाला व गिलाव्याला बाहेर ढकलतात. आपल्याकडचे बोअरचे पाणी मुळातच क्षारयुक्त असल्याने, आणि अनेक ठिकाणी बांधकामासाठी व भिंतींवर मारण्यासाठी तेच पाणी वापरले जात असल्याने, हा प्रकार अधिक दिसतो. अशा भिंतीवर पॅनेल ठोकले की डाग नजरेआड होतो, पण पाणी थांबत नाही. उलट बाष्पीभवनाची वाट बंद झाल्यामुळे ओल भिंतीत आणखी वर चढते आणि पॅनेलच्या वरच्या कडेला, म्हणजे जेथे ती अजिबात नको आहे तेथे, प्रकट होते. मधल्या अंधाऱ्या, दमट पोकळीत वाळवीला हवे ते सर्व आयते मिळते.

ओल आतून येते की खोलीतील हवेतून, हे कळण्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. सुमारे एक फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना टेप लावून भिंतीवर हवाबंद चिकटवावे आणि दोन दिवसांनी पाहावे. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले असतील किंवा तेथील भिंत गडद झाली असेल, तर पाणी भिंतीतून येत आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर तो हवेचा दमटपणा आहे, आणि कूलर चालू असताना तो दिसणे स्वाभाविक आहे. तुमच्या वर्णनावरून मला पहिली शक्यता अधिक वाटते. न्हाणीघराच्या टाइलमधील सांधे आणि नळाची जोडणी आधी तपासून घ्या, खराब गिलावा खरवडून काढा, भिंत पूर्ण सुकू द्या. तोपर्यंत त्या भिंतीला कोणतेही लाकूड लावू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट भेगांची. काळ्या मातीवरील घर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात सारखे राहत नाही. माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, आणि पाया पुरेसा खोल नसेल तर दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. अशी भेग मुख्य भिंतीवर असेल तर तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गोळ्यांनी काचेची एक पातळ पट्टी आडवी चिकटवून ठेवावी. काही महिन्यांत काच तडकली तर भेग जिवंत आहे असे समजावे. जिवंत भेगेवरून नेलेल्या पट्टीचा सांधा कितीही चांगला भरला तरी तो पुढच्या एप्रिल-मेमध्ये उघडणारच. केस-भेगा, म्हणजे गिलावा लवकर वाळल्यामुळे पडलेल्या बारीक जाळीसारख्या रेषा, यांची मात्र काळजी करण्याचे कारण नाही. त्या पुट्टीत जातात.

भूकंपाचा उल्लेख आपण केला आहे म्हणून सांगतो. पाऊण इंच जाडीच्या पट्ट्यांचे वजन भिंतीच्या दृष्टीने नगण्य आहे. पण जुनी तुळई शोभेसाठी पलंगाच्या वर आडवी बसवण्याचा मोह कोणाला झाला, तर तो आवरावा. आपल्या भागात डोक्यावर जड वस्तू टांगून कोणी झोपू नये.

शेवंता (छत्रपती संभाजीनगर)

आमच्याकडे हॉलची एक पूर्ण भिंत लुव्हरची आहे. दिसते चांगली; पाहुणे विचारतात. पण प्रत्येक पन्हाळीत धूळ बसते आणि उन्हाळ्यातील वावटळीनंतर ती ओल्या फडक्याने एकेक करून पुसावी लागते. पॅनेल आणि छत यांच्यामधील फटीत पालींनी कायमचे घर केले आहे. खरेदीच्या वेळी यांपैकी काहीच विक्रेत्याने सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

रंधा (नांदेड)

माळवद ताई, तुमची कल्पना ठेकेदाराच्या कल्पनेपेक्षा चांगली आहे आणि खर्चानेही कमी आहे. पूर्ण भिंत झाकण्याचा हिशेब चौरस फुटांवर होतो, नुसत्या पट्ट्यांचा रनिंग फुटांवर, म्हणजे लांबीवर. फरक तेथेच पडतो. चौकटींच्या आतला भाग म्हणजे तुमचीच रंगवलेली भिंत असते, तेथे काहीही लावायचे नसते. पट्टी व भिंत एकाच रंगाने रंगवली की लांबून पाहणाऱ्याला संपूर्ण भाग लाकडात घडवल्यासारखा वाटतो.

मुळात असे पॅनेल हे शोभेसाठी जन्माला आलेले नाही. रुंद फळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून ती चौकटीच्या खाचेत सरस न लावता सैल बसवायची, म्हणजे ती आतल्या आत हलते आणि तडकत नाही. जुन्या वाड्यांची अनेक दारे याच रीतीने केलेली असतात. आपण भिंतीवर जे करतो ते त्या रचनेचे नुसते रूप आहे, पण त्यामागचा हिशेब ध्यानात ठेवला तर चुका टळतात: घन लाकडाची रुंद फळी भिंतीला चारही कडांनी चिकटवून टाकायची नाही, एवढे तरी पाळावे.

आता तुमच्या भिंतीचे माप घेऊ. १२ फूट म्हणजे १४४ इंच. चार चौकटी घेतल्या तर मोकळ्या जागा पाच होतात, दोन्ही टोकांच्या धरून. प्रत्येक जागा ४ इंच ठेवली तर २० इंच गेले, उरलेल्या १२४ चे चार भाग म्हणजे प्रत्येक चौकट बाहेरून ३१ इंच रुंद. उंचीसाठी आडव्या पट्टीची खालची कड जमिनीपासून ३६ इंचांवर धरा. त्यातून टाइलच्या स्कर्टिंगचे ४, स्कर्टिंगच्या वरची मोकळी जागा ४ आणि आडव्या पट्टीखालची ४ वजा केली की चौकटीची उंची २४ इंच येते. सगळीकडे मोकळी जागा सारखीच ४ इंच राहिली, हे पाहा. डोळ्याला जो नेटकेपणा जाणवतो तो येथून येतो, महागड्या नक्षीतून नव्हे.

बिडिंगच्या (चौकटींसाठीच्या तयार पट्टीच्या) काठ्या साधारणपणे ८ फुटी मिळतात. चार चौकटींना एकूण ३६ फूट ८ इंच पट्टी लागते, म्हणून पाच काठ्या, म्हणजे ४० फूट, पुरतील असे कागदावर वाटते. प्रत्यक्षात पुरत नाहीत. पहिल्या चार काठ्यांतून प्रत्येकी ३१ इंचांचे दोन आणि २४ इंचांचा एक तुकडा निघतो. राहिलेले २४ चे चार तुकडे पाचव्या काठीतून निघायला हवेत, आणि चोवीस चोक शहाण्णव हे खरेही आहे, पण करवतीच्या पात्याची जाडी त्यातून वजा होते आणि चौथा तुकडा आखूड पडतो. म्हणून सहा काठ्या, आणि कोपरा तुटला तर हाताशी असावी म्हणून सातवी. वरची आडवी पट्टी आणि तिचा सांधा यांचा हिशेब वेगळा करावा. तो सांधा चौकटीच्या बरोबर मध्यावर आणू नये. दोन चौकटींच्या मधल्या उभ्या जागेवर आला तर नजरेत भरत नाही. तेथेही काटकोनात न जोडता तिरपा कापून एकावर एक बसवावा.

काम सुरू करण्यापूर्वी रंगाऱ्यांची कागदी टेप घेऊन सगळ्या चौकटी भिंतीवर आखाव्यात आणि दोन-चार दिवस तशाच राहू द्याव्यात. विजेचे सॉकेट जमिनीपासून १ फुटावर असेल तर त्याच्या पाटीची खालची कड चौकटीच्या खालच्या पट्टीला भिडण्याची शक्यता आहे, ती टेप लावल्यावर लगेच दिसते. मग चौकटींची रुंदी बदलून सॉकेट एका चौकटीच्या मध्यावर आणता येते, किंवा सॉकेट हलवता येते. चार फुटांवरचे स्विचबोर्ड आडव्या पट्टीच्या वर मोकळे राहतील.

आखणी जमिनीपासून मोजून करू नये. फरशीला पाण्याच्या निचऱ्यासाठी थोडा उतार असतोच. पाण्याची नळी किंवा लेझर लेव्हल घेऊन पूर्ण भिंतीवर एक रेघ मारावी आणि पुढची सगळी मापे त्या रेघेवरून घ्यावीत. खोलीचे कोपरेही क्वचितच गुण्याला उतरतात, म्हणजे काटकोनात असतात. आतल्या कोपऱ्यात दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत कापल्या तर फट राहते. तेथे एक पट्टी भिंतीपर्यंत सरळ न्यावी आणि दुसरीचे टोक पहिलीच्या नक्षीप्रमाणे कोरून तिच्यावर बसवावे. वेळ लागतो, परंतु कोपरा ८८ अंशांचा असला काय आणि ९२ चा असला काय, सांधा बंद राहतो. ज्या सुताराला हे येते त्यालाच हे काम द्यावे. पट्ट्या बसवताना मागे फेविकॉल आणि वरून बिनडोक्याचे बारीक खिळे, एवढे हलक्या पट्टीला पुरते. जड आडव्या पट्टीसाठी मात्र भिंतीत छिद्रे पाडून प्लग व स्क्रू घ्यावेत. नुसत्या पुट्टीवर चिकटवलेली पट्टी पुट्टीसकट निघते.

साहित्याबद्दल थोडक्यात. एम. डी. एफ. ची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) पट्टी स्वस्त, सरळ आणि रंगाला गुळगुळीत असते, पण कापलेल्या कडेला पाणी लागले की ती फुगते आणि पुन्हा बसत नाही. कूलरच्या खोलीत आणि फरशी पुसताना पाणी उडते तेथे ती मी लावत नाही. एच. डी. एच. एम. आर. (त्याच जातीची, पण अधिक घट्ट व ओलाव्यात टिकणारी फळी) त्यापेक्षा बरे. पी. व्ही. सी. व पॉलिस्टायरीनच्या पट्ट्यांना ना पाणी लागते ना वाळवी, हा त्यांचा गुण. मात्र आग लागली तर पॉलिस्टायरीनचा दाट काळा धूर होतो आणि पी. व्ही. सी. जळताना घातक वायू निघतो, म्हणून देवघराजवळ, समई-निरांजनाच्या आसपास त्या टाळाव्यात. तुमच्याकडे जुने सागवान आहे, तेव्हा हा सगळा बाजार बऱ्याच अंशी तुम्हाला लागूच नाही.

गेरू (छत्रपती संभाजीनगर)

रंधा यांनी मापांचे काम इतके नीट मांडले आहे की त्यात भर घालण्यासारखे फार नाही. चित्रकला शिकवणारा म्हणून मी केवळ उंचीच्या आणि रंगाच्या अंगाने लिहितो.

आडवी पट्टी भिंतीच्या बरोबर मध्यावर कधीही घेऊ नये. भिंतीचे दोन सारखे तुकडे होतात आणि खोली बुटकी दिसते. खालचा भाग एक तृतीयांशाच्या आसपास असावा. तुमच्या १० फुटांच्या खोलीत वर दिलेली ३६ इंचांची उंची त्याहून किंचित कमी आहे, आणि तीच योग्य आहे, कारण वरचा भाग मोठा राहिला की छत उंच वाटते. ९ फुटांची खोली असेल तर आणखी खाली यावे किंवा आडवी पट्टी पूर्ण गाळून उभ्या चौकटी वरपर्यंत न्याव्यात.

भिंतीचा खालचा भाग वेगळा करण्याची ही कल्पना परदेशी मासिकातून आली, असा अनेकांचा समज असतो. १७ व्या शतकातील आपला बीबी का मकबरा पाहावा. मुख्य वास्तूला बाहेरून खालच्या पट्ट्यापर्यंत संगमरवर आहे, त्याच्या वर घुमटाच्या पायथ्यापर्यंत आपल्याच काळ्या बेसाल्टचे बांधकाम असून त्यावर गुळगुळीत चुन्याचा गिलावा आणि गिलाव्यातच उठवलेली नक्षी आहे, आणि घुमट पुन्हा संगमरवरी आहे. जेथे माणसाचा हात, पाठ, पाणी लागते तेथे टिकाऊ साहित्य आणि वर हलके काम. हाच विचार आपल्या खेड्यातील घराच्या भिंतीवर गेरूचा पट्टा आणि त्यावर चुन्याची रेघ या रूपात होता. भिंतीला टेकून बसणाऱ्यांच्या पाठीचे डाग गेरूत दिसत नसत.

म्हणून शयनगृहाच्या ओल्या भिंतीसाठी माझी सूचना अशी: तेथे लाकूड लावूच नये. ओळंबा सरांनी सांगितलेली दुरुस्ती झाल्यानंतर त्या भिंतीवर केवळ रंगाने पट्टा करावा, खाली गडद मातकट तांबडा किंवा मळकट हिरवा, वर फिकट रंग, आणि दोन्हींच्या मध्ये दीड इंचाची तिसऱ्या रंगाची रेघ. इतर भिंतींवरील लाकडी आडवी पट्टी ज्या उंचीवर आहे त्याच उंचीवर ही रेघ आली तर नजर खोलीभर न अडता फिरते. ओल पुन्हा आली तर रंग खरवडून पुन्हा देता येतो. ज्यांना उठाव हवाच असेल त्यांनी गवंड्याकडून सिमेंटचाच पट्टा ओढून घ्यावा. त्याला वाळवी लागत नाही. हे कसब असलेले जुने गवंडी अजून सापडतात.

प्रकाशाचा विचार न करता पट्ट्या लावू नयेत. पट्टीची शोभा म्हणजे तिच्या कडेची सावली. खिडकीचा प्रकाश बाजूने येत असेल तर अर्ध्या इंचाची पट्टीही उठून दिसते. समोरून सपाट प्रकाश पडत असेल तर पाऊण इंचाचीही हरवते. याची दुसरी बाजू अशी की बाजूचा प्रकाश गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा चव्हाट्यावर आणतो. छतातून भिंतीलगत खाली सोडलेल्या एल. ई. डी. चेही तेच आहे.

आणि एक आग्रह. सागवानाला पांढरा रंग देण्याचा विचार कोणी सुचवला तर कृपया तो मानू नये.

माळवद (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. प्लास्टिक चिकटवून पाहिले. थेंब भिंतीकडच्या बाजूलाच आले. नळदुरुस्ती करणाऱ्यास बोलावले आहे आणि त्या भिंतीपुरता रंगाचा पट्टा ठरवला आहे. सासूबाईंना गेरूचा रंग ऐकूनच समाधान वाटले.

दोन शंका राहिल्या. फळ्या धुराने काळ्या झालेल्या आहेत, काहींच्या कडांना बारीक छिद्रे आहेत आणि हलवल्यावर पिठासारखा भुसा पडतो. त्या वापराव्यात का? आणि दिवाणखान्यात चौकटी भिंतीच्या रंगाच्या व आडवी पट्टी तेवढी जुन्या सागवानाची, असे केले तर विसंगत दिसेल का?

रंधा (नांदेड)

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो: विसंगत दिसणार नाही, उलट तेच करावे. चौकटी तयार बिडिंगच्या घेऊन भिंतीच्या रंगात मिसळू द्याव्यात आणि १२ फूट लांबीची एकच सागवानी पट्टी त्यांच्यावरून न्यावी. तुळई तेवढी लांब असेल तर सांध्याचा प्रश्नही मिटतो. सगळेच लाकडाचे केले असते तर खोली अंधारली असती. सागवानाला पांढरा रंग देऊ नये, याबाबत गेरू सरांशी मी सहमत आहे, आणि त्याचे एक कारण जोडतो: सागवानातील तेलकट द्रव्य फिकट रंगातून वर येते आणि काही दिवसांत तपकिरी डाग उमटतात, त्यामुळे सीलर न लावता त्यावर पांढरा रंग टिकतच नाही.

आता भुशाबद्दल. बारीक गोल छिद्रे आणि पिठासारखा भुसा हे वाळवीचे नव्हे, लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचे लक्षण आहे. हा भुंगा मुख्यतः सालीकडच्या फिकट भागात राहतो, सागाच्या गडद गाभ्याला सहसा हात लावत नाही. म्हणून छिद्रे फक्त कडांना आहेत, हे तुमच्या वर्णनाशी जुळते. त्या कडा सॉ मिलमध्ये पूर्ण काढून टाकाव्यात आणि निघालेला भाग घरात आणू नये, जाळून टाकावा. उरलेल्या गाभ्याला चारही बाजूंनी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण द्यावे व पूर्ण वाळू द्यावे. शेतातील फवारणीचे औषध घरात शिल्लक आहे म्हणून तेच लाकडाला चोपडण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. जेथे माणसे झोपतात तेथे ते करू नये.

रंधा मारण्याआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवावे. जुन्या कडीपाटात मोडलेले खिळे आत राहिलेले असतात आणि ते दिसत नाहीत. मशीनच्या पात्याचा दात गेला तर सॉ मिलवाला पुढच्या फळीला हात लावणार नाही, आणि त्याचे बरोबरच असते. धुराचा काळा थर पहिल्या दोन हातांत निघून जातो. फळी पूर्ण गुळगुळीत करण्याचा आग्रह धरू नका. जेथे जुन्या तासणीच्या खुणा आहेत तेथे नुसते ८० आणि १२० नंबरचे पॉलिशपेपर मारून सोडले तर सासूबाईंना ते लाकूड ओळखता येईल.

ओळंबा (परभणी)

एक पुरवणी. सॉ मिलमधून कापून आलेली पट्टी लगेच भिंतीला लावू नये. ज्या खोलीत लावायची आहे त्याच खोलीत, खाली गुटके ठेवून, हवा खेळेल अशा रीतीने दोन आठवडे तरी ठेवावी. तुळईचा आतला भाग इतकी वर्षे उघडा पडलेला नसतो आणि कापल्यानंतर तो थोडा वळतो. जे वळायचे ते भिंतीवर जाण्यापूर्वीच वळू द्यावे. शक्य असल्यास हे काम दिवाळीनंतर काढावे. भर पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाचे सांधे मे महिन्यात उघडतात आणि मे महिन्यात वाळलेल्या लाकडाचे घट्ट सांधे ऑगस्टमध्ये एकमेकांना ढकलतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला लाकूड या दोन्हींच्या मध्ये असते.

माळवद (लातूर)

तुळई मोजली, १३ फूट भरली. मधोमध एक जुनी कडी ठोकलेली आहे, बहुधा पाळण्याची. ती काढून टाकावी लागेल का?

रंधा (नांदेड)

कडी तुळईच्या एकाच बाजूला असेल तर त्या बाजूची पट्टी न घेता समोरच्या बाजूची घ्या. १३ फुटांतून १२ फुटांची पट्टी आणि दोन्ही टोकांचे तडकलेले तुकडे वजा, इतके बसते. कडी आरपार गेली असेल तर ती हातोड्याने ओढू नका, लाकूड फाटेल. लोखंड थोडे तापवून सैल होऊ द्या आणि मग उलट्या बाजूने हळू ठोका. छिद्र राहील, त्यात सागवानाचीच खुंटी सरस लावून बसवा आणि तिच्या रेषा पट्टीच्या रेषांच्या दिशेने फिरवा. सुताराला पट्टीचे माप देताना रुंदी २ इंच, जाडी पाऊण इंच, आणि वरच्या कडेची धार किंचित मारलेली, असे लिहून द्या.